हळूसर आणि स्पोर्ट्स कार

आमच्या ह्यांना सगळे हळूसर म्हणतात. नाव मी ठेवलेलं नाही, त्यांच्या विद्यार्थ्यांनी ठेवलं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आयुष्य गेलं त्यांचं, आणि त्या आयुष्यात 'हळू' हा शब्द त्यांनी जितक्या वेळा उच्चारला असेल तितक्या वेळा माझं नावही घेतलं नसेल. वळणावर हळू, चौकात हळू, आणि रस्ता मोकळा असेल तर तो मोकळा का आहे हे कळेपर्यंत हळू. मीही त्यांचीच विद्यार्थिनी. गाडी बंद पाडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, तरी या माणसाचा आवाज एकदाही चढला नाही. त्या आवाजावर भाळून मी लग्न केलं. पुढे कळलं की हा आवाज दूध उतू गेलं तरी चढत नाही, आणि भांडायला उभ्या राहिलेल्या बायकोचं डोकं त्यानेच जास्त फिरतं.

असा हा माणूस. रिटायर झाला, आणि एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून मला म्हणतो, "मी एक स्पोर्ट्स कार बघतोय. सेकंडहँड."

मला वाटलं मोबाईलवर बघतायत. म्हटलं, "बघा की. बघायला कोण नको म्हणतंय?"

"घ्यायला बघतोय. आपली मोठी गाडी देऊन टाकू. एवढी मोठी आता कशाला लागते?"

दुसरी कुणी असती तर हसली असती, मैत्रिणींना फोन करून नवऱ्याला म्हातारचळ लागलाय म्हणून सांगत सुटली असती. मला हसू आलं नाही. कारण ह्यांच्या उजव्या पायाचं मला ठाऊक होतं.

मी घरी कपडे अल्टर करते. पँटची उंची कमी करायची, कोटाची बाही आखूड करायची, चेन बदलायची, असली कामं. त्यामुळे घरात टाचण्या सांडतात, आणि सांडलेली टाचणी कुणाच्या तरी पायात गेल्याशिवाय काही सापडत नाही. मागच्या उन्हाळ्यात एक ह्यांच्या पायात गेली. हे दुपारभर घरात फिरले, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं, खाली जाऊन दूध आणलं. संध्याकाळी मोजा काढला तर तळव्याला रक्ताचा डाग आणि टाचणी पार डोक्यापर्यंत आत. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. हे माझ्याकडे बघत राहिले, जणू मी कुणा दुसऱ्याच्या पायाबद्दल बोलत होते. "दुखत नाही गं," म्हणाले. रक्त बघून घाबरले नव्हते एवढी मी ते 'दुखत नाही' ऐकून घाबरले.

डॉक्टरांनी सांगितलं, साखरेने पायाच्या नसा गेल्यात, डाव्या थोड्या, उजव्या जास्त. रोज तळवे आरशात बघायचे, बूट घालण्याआधी आत हात घालून बघायचं, अनवाणी फिरायचं नाही. हे सगळं सांगून झाल्यावर जरा थांबून म्हणाले, "गाडीचं जपा." आता जपा म्हणजे काय, चालवा पण जपून, की चालवूच नका, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना. बाहेर आल्यावर हे एवढंच म्हणाले, "लेकीला बोलू नकोस. उगाच तिच्या जिवाला घोर."

आणि घोर लागायचा तो माझ्या जिवाला लागला. लेक पुढच्या महिन्यापासून पुन्हा कामावर रुजू होणार होती. जावई सदा फिरतीवर. दोन्ही पोरांना शाळेतून आणायचं आणि ती येईपर्यंत आमच्याकडे सांभाळायचं, असं आमच्याच सोफ्यावर बसून ठरलं. लेक म्हणाली, "शाळेच्या बसवर माझा विश्वास नाही. बाबा गाडी चालवतात म्हटलं की मला काळजी नाही." मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी कपाकडे बघितलं. मग हसून म्हणाले, "हो बाळ, आणीन की." मी रिकामे कप उचलून आत गेले. त्या दिवसापासून मशीनवर बसले की तेच डोक्यात. पेडल जरासं जास्त दाबलं गेलं की सुई धावत सुटते आणि बाही वाया जाते. बाही उसवता येते. मागच्या सीटवर माझी नात आणि नातू असतील, आणि पुढे हा पाय.

त्यात आता स्पोर्ट्स कार.

पहिली गाडी बघायला गेलो ती एका सोसायटीच्या तळघरात उभी होती. लालभडक. मालक तरुण, केसांना काहीतरी चोपडलेलं. मी तर दारातच अंग चोरून उभी राहिले. ह्यांनी आधी गाडीला हात लावला नाही, नुसती प्रदक्षिणा घातली. मग बॉनेटवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "आम्ही यायच्या आधी सुरू करून ठेवली होतीत का?" मालक म्हणाला, आत्ताच जरा फिरवून आणली. "थंड असताना सुरू व्हायला त्रास देते वाटतं," हे म्हणाले, त्याच त्या शांत आवाजात. मग दार आणि शेजारचा पत्रा यांच्यामधल्या फटीवरून बोट फिरवलं. वर फट बारीक, खाली रुंद. पत्र्याच्या बोल्टवरचा रंग उडालेला. म्हणजे पत्रा काढून पुन्हा बसवलेला, म्हणजे कुठेतरी आपटलेली. मी मागे डोकावले. मागची सीट अगदी नावाला होती, पण पोरं दाटीवाटीने मावली असती. माझ्या डोळ्यांसमोर ती दोघं तिथे बसलेली आली. हे म्हणाले, "नको, ठोकलेली आहे," आणि मी मनातल्या मनात त्या ठोकणाऱ्याचे आभार मानले.

दुसरी पिवळी होती, तिलाही मागे नावाला सीट होती. किलोमीटरचा आकडा सांगत होता की गाडी फारशी पळालेलीच नाही, पण ब्रेकच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालेलं आणि स्टिअरिंगचं चामडं चकाकत होतं. "आकडा मागे फिरवलाय," हे मला बाजूला घेऊन म्हणाले. "शिवाय टायर आतल्या बाजूनेच झिजलेत. सरळ चालत नसणार ही." मालक म्हणत होता तेवढ्यासाठी भाव खाली घेतो. हे म्हणाले, भावाचा प्रश्न नाही. परतताना आपल्या मोठ्या गाडीत मी शेजारी बसले होते, पिशवी छातीशी धरून, आणि ह्यांच्या गुडघ्याकडे बघत होते. हल्ली माझं लक्ष रस्त्याकडे नसायचंच.

"अहो, कशाला हा उपद्व्याप?" मी म्हटलं. "जमिनीला पोट घासणारी गाडी. गतिरोधक आला की तुमचा जीव वरखाली. एखादा भाग मोडला तर महिनाभर वाट बघायची. विमा चढा. आणि चढताना वाका, उतरताना कुणीतरी हात द्या."

"सगळा विचार केलाय मी," ते म्हणाले.

"पायाचा केलाय?"

तिथे ताकास तूर लागू दिली नाही. सिग्नल हिरवा झाला होता, ते गाडी पुढे काढण्यात गुंतले. मला इतका राग आला की घरी येऊन मी एका चांगल्या पँटची उंची चुकीची कापली. रागाच्या खाली भीतीच होती, हे मला कळत होतं. या माणसाकडून गाडी काढून घ्यायची म्हणजे त्याचं उरतं काय? आणि नाही काढून घेतली तर? दोन्हीकडून माझा जीव टांगणीला.

तिसरी गाडी एका डीलरच्या आवारात मिळाली. गावाबाहेर, गोडाऊनच्या रांगेत पत्र्याची शेड, तिच्यात ओळीने गाड्या. डीलर बोलका गडी, काका-काकू म्हणून लगेच खुर्च्या पुढे केल्या. गाडी राखाडी रंगाची होती, ठेंगणी, एका दातांच्या डॉक्टरीण बाईंनी हौसेने घेतलेली आणि जपून वापरलेली. ह्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला, थंड. फटी सगळीकडे सारख्या. टायर सारखे झिजलेले. गालिचा उचलून सीटखालची पट्टी बघितली, पाण्यात बुडालेल्या गाडीला तिथे गंज येतो म्हणे, तिथेही काही नाही. सुरू केली तर पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि ह्यांनी डोळे मिटून आवाज ऐकला. मी वाट बघत होते, काहीतरी निघेल. नेहमी निघतं. यावेळी काहीच निघेना.

मी आत डोकावले. मागे सीटच नव्हती. दोन माणसांची गाडी, पाठीला लागून एक फळी, संपलं. माझं डोकंच सणकलं. पुढच्या महिन्यापासून शाळेच्या गेटवर उभं राहायचंय, आणि ह्यांना त्याचा पत्ताच नाही.

"अहो, आणि पोरं कुठे बसवणार? डोक्यावर?"

हे काही बोलणार एवढ्यात डीलर किल्ली घेऊन आला. "चला काका, एक फेरी मारून येऊ."

"तुम्ही नाही, मी जाणार ह्यांच्याबरोबर," मी म्हटलं. डीलर जरा घुटमळला, मग आमच्या मोठ्या गाडीची किल्ली ठेवून घेतली आणि हसून बाजूला झाला. त्याला वाटलं काकूंना हौस आहे. हौस कसली, माझी पाचावर धारण बसली होती. पण त्यांना एकट्याला पाठवून शेडमध्ये चहा पीत बसणं मला जमलं नसतं.

त्या दिवशी ह्यांनी पातळ तळव्याचे कापडी बूट घातले होते. घरून निघताना मी बघितलं होतं आणि काही बोलले नव्हते. पेडल जाणवावं म्हणून घातले असणार, हे गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं. आणखी एक लक्षात आलं. या गाडीतली पेडलं एकमेकांना चिकटूनच होती. आपल्या मोठ्या गाडीत दोन पेडलांमध्ये बूट मावेल एवढी जागा. इथे दोन बोटं कशीबशी.

गोडाऊनच्या मागचा रस्ता सरळ आणि रिकामा होता. हे निघाले ते अगदी हळू. गाडी मांजरीसारखी गुरगुरत होती, तिला पळायचं होतं आणि हे तिला पळू देत नव्हते. क्षणभर मला बरं वाटलं. मग दिसलं की ब्रेक घ्यायच्या आधी हे दर वेळी खाली बघतात. पाय कुठे आहे ते बघतात, मग दाबतात. विद्यार्थ्याने असं खाली बघितलं तर हे तिथल्या तिथे गाडी थांबवायला लावायचे. "पुरे झालं, वळवा," मी म्हटलं.

"त्या कोपऱ्यावरून वळवतो."

कोपऱ्याच्या अलीकडे एका गोडाऊनच्या फाटकातून टेम्पो उलटा बाहेर यायला लागला. भरलेला, मागचं त्याला काही दिसत नव्हतं. तो अजून लांब होता. थांबायला भरपूर जागा होती. मी ह्यांच्याकडे बघितलं. चेहरा शांत होता, नजर समोर.

"ब्रेक," हे म्हणाले.

गाडी थांबली नाही.

"ब्रेक घ्या," ते पुन्हा म्हणाले, त्याच नेहमीच्या आवाजात, ज्या आवाजाने अर्ध्या गावाला गाडी शिकवली त्या आवाजात. इंजिन एकदम ओरडायला लागलं. टेम्पोची मागची फळी समोर मोठी होत आली. ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर नीट होते, पाठ ताठ होती, आणि ते वाट बघत होते, कुणीतरी ब्रेक घ्यायची. शिकवायच्या गाडीत असंच चालायचं. शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, पण हे तो सहसा वापरत नसत. आधी तोंडाने सांगायचं आणि शिकणाऱ्याला घेऊ द्यायचा, ही त्यांची पद्धत.

माझ्या हाताने काय केलं ते मला नंतर कळलं. मधला हँडब्रेक मी दोन्ही हातांनी वर ओढला होता. गाडी तिरकी फिरली, घासत गेली आणि धक्का देऊन बंद पडली. टेम्पो समोरून निघून गेला. ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ह्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"मी ब्रेक म्हटलं ना," ते म्हणाले.

"म्हटलंत," मी कसंबसं म्हणाले. "पण अहो, गाडी तुम्ही चालवताय."

त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. हातांत स्टिअरिंग होतं. मग खाली बघितलं. मग वाकून दोन्ही हातांनी आपला उजवा पाय उचलून बाजूला ठेवला, एखादी जड वस्तू उचलून ठेवावी तसा. "दोन्ही पेडलांवर होता," ते म्हणाले. "ब्रेकवर पण आणि ॲक्सिलरेटरवर पण. मला वाटलं, मी पाय वर घेतलाय."

"कधीपासून कळत नाही तुम्हाला?"

"टाचणीच्या आधीपासून."

मग मात्र माझा बांध फुटला. "आणि तरी गाडी घ्यायला निघालात? ती पण ही? पुढच्या महिन्यात पोरं येणार तुमच्या भरवशावर. लेकीने विश्वास टाकलाय तुमच्यावर. काय केलं असतंत, शाळेच्या गेटवरून त्यांना कुठे नेलं असतंत?"

"म्हणून तर ही," ते म्हणाले.

मला समजेना.

"हिला मागे सीट नाही," ते म्हणाले. "पोरांना आणा म्हणून कुणी सांगणार नाही मला. लेक चिडली असती, बाबा म्हातारपणी बिघडले म्हणाली असती. जावई हसला असता. हसू दे. पोरांची सोय तिने दुसरी बघितली असती. पाय गेला, हे मात्र सांगावं लागलं नसतं."

लाल गाडी, पिवळी गाडी, त्या फटी आणि ते टायर. त्यातले दोष खरेच होते, पण मागे सीट आहे ही सगळ्यात मोठी खोट होती, आणि ती ह्यांनी मला सांगितली नव्हती. माझ्याएवढेच, कदाचित माझ्याहून जास्त, हे घाबरले होते, आणि एकाच घरात आम्ही आपापली भीती घेऊन फिरत होतो.

"आणि मी?" मी विचारलं. "माझी सीट तर आहे हिच्यात."

"तुझा वेगळा विचारच नाही केला मी," ते म्हणाले. "तू बरोबर असणारच, असं धरूनच चाललो होतो."

मला राग आला. खूप आला. आणि त्या रागातच रडू फुटलं, आणि मी रडत रडत पिशवीत रुमाल शोधत राहिले, तो काही सापडला नाही. ह्यांनी स्वतःचा पुढे केला. मी तोंड पुसलं आणि म्हटलं, "उतरा. गाडी मी नेते."

आम्ही जागा बदलल्या. त्या गाडीतून उतरायला त्यांना माझा हात धरावा लागला. परतीच्या वाटेवर मी गाडी दोनदा बंद पाडली, एकदा चुकीच्या गिअरमध्ये टाकली. ह्यांनी एकदाही 'हळू' म्हटलं नाही.

शेडपाशी डीलर वाटच बघत होता. काकू गाडी चालवत आलेल्या बघून त्याचं हसू जरा अडलं. "काय काका, हिच्यात पण काही निघालं?"

"गाडीत काही नाही," हे म्हणाले. "गाडी उत्तम आहे. माझ्याच पायाला काही कळत नाही आता. मी गाडी चालवणं बरोबर नाही."

बाजूला दोन मेकॅनिक हात पुसत उभे होते, एक गिऱ्हाईक होतं. सगळ्यांनी ऐकलं. "बसा ना काका, पाणी घ्या," डीलर म्हणाला, आणि आमच्या मोठ्या गाडीची किल्ली त्यांच्यासमोर धरली. ह्यांनी ती घेतली नाही. मानेने माझ्याकडे खूण केली.

"लेकीला फोन लाव," ते मला म्हणाले.

"घरी जाऊन लावू."

"घरी पोचलो की माझा धीर जाईल. आत्ता लाव."

मी लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे दोन्ही पोरांची कशावरून तरी जुंपलेली होती, ती आरडाओरड मलासुद्धा ऐकू येत होती. "हां आई, बोल पटकन," लेक म्हणाली.

"मी आहे, बाळ," हे म्हणाले. आणि मग त्यांचा तो कधी न चढणारा आवाज पार बसला. "बाळ, पोरांना आणायला मी नाही येऊ शकणार. माझ्या पायात जीव राहिला नाहीये. मला गाडी चालवायची भीती वाटते."

लेक पोरांवर एकदाच डाफरली, तशी आरडाओरड थांबली.

"बाबा, तुम्ही आत्ता कुठे आहात?" तिने विचारलं. "तिथेच बसून राहा. हलू नका. मी न्यायला येते."